थोरली गाडी, धाकटी गाडी आणि कवठ्याची वाट

आधीच सांगून टाकतो: गाडी धाकटी घेतली. ज्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांनी आता आपापल्या कामाला लागावं. या दोन गाड्यांची तुलना करणारे व्हिडिओ मोबाइलवर हवे तेवढे सापडतात. त्यांत इस्त्रीच्या शर्टातली मुलं डिकीत बॅगा भरून दाखवतात आणि दार लावल्याचा आवाज डोळे मिटून ऐकतात. आम्ही शिरवळपासून कवठे महांकाळपर्यंत तीन दिवस जी तुलना केली ती मात्र कुठल्याच व्हिडिओत नाही. इतकी हुशार माणसं पुन्हा एका गाडीत बसतील असं मला वाटत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मी इकबाल. रहिमतपुरात गाड्यांच्या सीटा शिवतो. तीस वर्षं लोकांच्या बुडाखालची सोय बघणं हा माझा धंदा आहे. त्यामुळे आमच्याकडे कोणी गाडी घ्यायला निघालं की मला जाणकार म्हणून सोबत नेतात. मला इंजिनातलं काडीचंही कळत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि प्रत्येकाला तो माझा विनय वाटतो.

या वेळी नेणारा होता दिनकर. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो फौजेत गेला, सुभेदार होऊन परतला आणि रहिमतपूरजवळच्या आपल्या वाडीत ऊस करायला लागला. माणूस सरळ आहे. फक्त त्याला वाटतं की जगातला कुठलाही प्रश्न जरा जोरात बोललं की सुटतो.

आता एका ऊसवाल्या सुभेदाराला परदेशी कंपनीची आलिशान गाडी कशाला हवी होती, ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मेव्हण्याच्या, म्हणजे त्याची बायको, आमच्या मंगलवहिनी, त्यांच्या भावाच्या घरी, कवठे महांकाळला लग्न होतं. वऱ्हाड निघालं तेव्हा मेव्हण्याच्या जीपमध्ये सगळी वडीलधारी मंडळी बसली आणि आमच्या जावईबापूंची सोय मागच्या पिकअपमध्ये झाली, बुंदीच्या घमेल्याशेजारी. दिनकर खाली उतरला आणि भर मांडवात म्हणाला, "संपत, ह्या दारात परत पाय ठिवीन तर तुझ्यापेक्षा मोठ्या गाडीतनं यिऊन. तवर न्हाई." असं बोलून तो बायकोला घेऊन एसटीनं घरी आला.

पुढे संपतच्या द्राक्षांना चांगले दिवस आले. जीप गेली, मोठी गाडी आली. ती गेली, तिच्याहून मोठी आली. इकडे दिनकरचं उद्दिष्ट दर तीन वर्षांनी वर सरकत राहिलं. या सगळ्यात वहिनी माहेरी गेल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी मिरजेत त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांची आई भेटायला आली होती आणि सुभेदारसाहेब तेवढा वेळ कँटीनमध्ये चहा पीत बसले होते. आता ती म्हातारी घराबाहेर पडू शकत नाही. वहिनींना डॉक्टरांनी एसटी आणि जीप बंद केली आहे. म्हणजे मायलेकींची भेट व्हायची तर चांगल्या गाडीशिवाय इलाज नाही, आणि चांगली गाडी यायची तर ती संपतपेक्षा मोठीच पाहिजे, असा हा हिशेब होता. आमच्यात बहीण मिरजेत दिलेली आहे. दर ईदला मी फटफटीवर जातो, शेवया खातो आणि येतो. ते ऐकून दिनकर म्हणायचा, "तुमचं बरं हाय गड्या, तुमच्यात मानपान न्हाई." आमच्यातही मानपान आहे. फटफटीवर तो बांधायला जागा नाही, एवढंच.

मंगळवार, शिरवळ

शिरवळला तुम्हाला कोणी 'कुठलं गाव?' असं विचारत नाही, 'कुठली कंपनी?' असं विचारतात. आम्ही महामार्गालगतच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, तिथल्या वेटरनंही तेच विचारलं. दिनकरनं आपल्या पलटणीचं नाव सांगितलं. वेटर म्हणाला, "ती कुठशी आली?" मिसळीत फरसाणाखाली काय आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही, तर्री मात्र चांगली होती.

तिथल्या एका कारखान्याच्या फाटकावर दिनकरच्या हाताखालचा जुना हवालदार आता पहारेकऱ्यांचा मुख्य आहे. त्यानं खाडकन सलाम ठोकला आणि आम्हाला आत नेलं. कारखान्याच्या मालकाला आपली गाडी विकायची होती. हीच ती थोरली. सात जणांची बैठक, छताला काच, आणि पुढच्या जाळीला इतका जबडा की उभ्या उभ्या ऊस खाईल.

मालक सभ्य गृहस्थ. त्यानं गाडीचे गुण सांगायला सुरुवात केली. सीट मालिश करते. आतल्या दिव्यांचा रंग मनाच्या अवस्थेप्रमाणे बदलता येतो. गाडी बोललेलं ऐकते. दिनकरनं लगेच पुढं बसून फर्मावलं, "काच खाली घे." गाडी इंग्रजीतून नम्रपणे काहीतरी म्हणाली. दिनकरनं तोच हुकूम परेड मैदानावरच्या आवाजात पुन्हा दिला. गाडीनं गाणं लावलं.

मी माझं काम केलं. चारी बाजूंनी सीटा दाबून पाहिल्या, शिवण पाहिली, कातड्यावर हात फिरवला. शिवण अशी की माझी मान खाली गेली. पण मागच्या सीटेचा खड्डा खोल होता आणि दारातून आत चढायची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येत होती. मी दिनकरला बाजूला घेऊन म्हटलं, "वहिनींना हितनं चढाय जमायचं न्हाई."

"सवय हुईल," तो म्हणाला.

"कंबरेला सवय हुत नसती रं. डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डॉक्टरला काय कळतंय गाडीतलं?" दिनकर म्हणाला, आणि तो विषय तिथंच संपला.

हवालदारानं जामीन राहून मालकाकडून गाडी तीन दिवस चालवून बघायला मागून घेतली. आमची जुनी जीप त्यांच्या आवारात ठेवून आम्ही थोरलीतून निघालो. खंबाटकीचा घाट उतरताना दिनकर जो हसत होता, ते हसू मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

बुधवार, रहिमतपूर

खरा घोटाळा बुधवारी सकाळी झाला, आणि तो आमच्याकडेच होऊ शकतो. गाडी फक्त बघायला आणली होती. 'दाखवायला आणलीय' असं दिनकरनं वाडीत शिरल्यापासून सात जणांना सांगितलंही होतं. पण आमच्याकडे दारात चार चाकं आली की बाया काही विचारत बसत नाहीत. शेजारच्या पारूकाकू तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या, गाडीवरून ओवाळून टाकला आणि टायरांवर पाणी घातलं. मग कोणी हळदकुंकू आणलं. बॉनेटवर स्वस्तिक निघालं. चारही चाकांखाली लिंबं गेली. दिनकर 'आगं काकू, आगं काकू' म्हणेपर्यंत काकूंच्या लेकानं पुढच्या टायरापुढं नारळ फोडला, आणि तो एका फटक्यात, सरळ दोन वाट्या होऊन फुटला. आता असा नारळ फुटल्यावर त्याला नको कोण म्हणणार? पेढे कुठून आले ते मला अजून कळलेलं नाही. मीही दोन खाल्ले.

अकरा वाजता शिरवळहून हवालदाराचा फोन आला. त्यानं कोणाच्या तरी स्टेटसवर फोटो पाहिला होता. "साहेब, लय भारी काम झालं. मालक म्हनले, नारळ फुटला म्हंजे गाडी गेली. त्यांनी जाहिरात काढून टाकली. आनि तुमास्नी अभिनंदन सांगितलंय."

दिनकरनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उरलेला पेढा तोंडात टाकला.

दुपारपर्यंत वाडीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. आमच्याकडे माणसाला मुलगा व्हायला नऊ महिने लागतात, फ्लेक्स लागायला दोन तास. 'आपल्या वाडीची शान' असं वर लिहिलेलं, मध्ये वर्दीतले सुभेदार, खाली थोरली गाडी आणि कडेनं शुभेच्छुकांचे बावीस चेहरे. त्यांत मी होतो. माझ्या नावापुढं 'मार्गदर्शक' असं छापलं होतं. मंगलवहिनी कुठंच नव्हत्या.

वहिनी ओट्यावर खुर्ची टाकून हे सगळं बघत होत्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी गाडीत बसून बघायची तयारी दाखवली. दिनकरनं अदबीनं मागचं दार उघडलं. वहिनींनी हँडल धरलं, एक पाय उचलला, तो अर्ध्यावर थांबला, आणि ओठ मिटून त्यांनी तो परत खाली ठेवला. मग घरातून प्लास्टिकचं स्टूल आलं, न्हाणीघरातलं, निळं. त्यावर चढून, दिनकरच्या खांद्यावर भार टाकून वहिनी आत गेल्या. उतरताना तोच कार्यक्रम उलट्या बाजूनं झाला.

"कसं वाटतंय?" दिनकरनं विचारलं.

"उंच वाटतंय," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी पदराच्या टोकाला धरलेला मोबाइल पुढं केला. "ही एक बगा. हीच कंपनी, पर धाकटी. पाच मान्सं बसत्यात. आनि एक बगून ठिवायला काय हरकत हाय?"

"आगं, नारळ फुटला की."

"नारळ काकूंनी फोडलाय. मी न्हाई."

"कुठं हाय ही गाडी?"

वहिनी मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "कवठ्याला."

दिनकरनं मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा करून पाहिला. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं. कवठ्याला जायचं तर थोरलीतूनच जायचं. तिथून जवळच संपतची वस्ती आहे. थोरली सहज म्हणून त्याच्या दारासमोर जरा थांबली, तर त्यात कोणाला काही म्हणता येणार नाही. धाकटी बघायचं निमित्त आणि थोरली दाखवायची, असा तो बेत होता. "जाऊ या की," तो म्हणाला. "इकबाल्या, उद्या सकाळी."

वहिनींच्या चेहऱ्यावरून मला मात्र काहीच कळलं नाही. बाया सुभेदारांच्या घरात तीस वर्षं राहिल्या की हे शिकतात.

गुरुवार, कवठे महांकाळ

सात सीटांच्या गाडीत आम्ही तिघं निघालो. मागच्या रिकाम्या सीटवर निळं स्टूल ठेवलं होतं, पट्टा लावून, कारण पट्टा नसला की गाडी टिटिट करत होती. माझ्या बायकोनं मटणाचं सुकं आणि भाकरीचा डबा दिला होता. निघाल्यावर कळलं की वहिनींचा गुरुवार, आणि त्यांच्यासमोर खायचं नाही म्हणून दिनकरचाही. मी एकट्यानं खाणं बरं दिसत नव्हतं. डबा पुसेसावळीपर्यंत वास देत राहिला.

पुसेसावळीच्या पुढं रस्ता अरुंद आहे आणि सध्या उसाचे दिवस. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला, वर घराएवढा ऊस आणि कर्ण्यावर गाणं. थोरलीच्या अंगातले सगळे भोंगे एकदम वाजायला लागले. पडद्यावर लाल रेघा आल्या. गाडी इंग्रजीतून जीव तोडून काही सांगत होती. दिनकरनं ती डाव्या बाजूला घेतली, अजून घेतली, आणि एक चाक कडेच्या पाण्याच्या चारीत गेलं. ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं, वाकून आमच्याकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "दाजी, येवढी मोठी घिऊन रस्त्यावर कशापायी आलाय?" मग त्यानंच दोन दगड चाकाखाली घालून गाडी काढून दिली. या सगळ्या वेळात वहिनी आत बसून होत्या. त्यांना उतरवायचं तर स्टूल काढावं लागलं असतं आणि चारीत स्टूल टेकायला जागा नव्हती.

विट्याच्या पुढं मुलूख बदलतो. आमच्याकडचा हिरवा पट्टा मागं पडतो, माळ सुरू होतो, आणि माळावर पवनचक्क्या हात पसरून उभ्या दिसतात. पण तासगावच्या बाजूला आलं की त्याच माळात द्राक्षांच्या बागा आणि बेदाण्याची शेडं. हिरव्या जाळीच्या आडोशात मजल्यामजल्यांनी द्राक्षं वाळत घातलेली असतात, आणि सगळ्या हवेला एक आंबटगोड वास येतो. दिनकरनं एका शेडाजवळ गाडी थांबवली. शेडवाल्यानं ओंजळभर बेदाणे दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला. आमच्याकडं गुऱ्हाळावर गेलं की रस असाच मिळतो, त्यामुळं मला ते घरचं वाटलं. वहिनींनी उपवास असूनही चार खाल्ले. बेदाणे फराळात चालतात, असं त्यांनी मला सांगितलं.

तासगावनंतर मी ऐकलं ते सांगतो. विट्यापर्यंत वहिनी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी वाटेतली गावं सांगायला सुरुवात केली. इथं मावशी दिलेली. इथल्या विहिरीत भाऊ पोहायला शिकला. ही शाळा तेव्हा पत्र्याची होती. दिनकर 'व्हय का' म्हणत होता. त्याला वाटलं, गाडीच्या सुखानं बायको खुलली. मला एवढंच दिसलं की त्या एका हातानं कंबर दाबून धरून बोलत होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या बाईला ना थोरली बघायची होती ना धाकटी, आणि माझा मार्गदर्शकाचा सगळा दिमाख उतरला. मी आपण होऊन काही बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते.

धाकटीचा मालक कवठ्यातला दातांचा डॉक्टर. त्याच्या बंगल्यासमोर ती उभी होती. थोरलीचेच नाकडोळे, पण सगळं बेतानं. डॉक्टर आमची थोरली बघून चाटच पडला. त्यानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि दिनकरला विचारलं, "तुम्ही ही असताना ती बघायला आलाय? अहो, मी ती विकून हीच घेणार आहे." दिनकरनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू न्यायालयाचा निकाल लागला. माणसाला धाकटी मिळाली की थोरली हवी असते आणि थोरली मिळाली की ती कोणालातरी दाखवायची असते. डॉक्टरला ती कोणाला दाखवायची होती ते मी विचारलं नाही.

मी माझं काम केलं. धाकटीची सीट घट्ट होती, कंबरेला नेमका आधार देणारी. दार उघडून बसलं की पाय जमिनीला टेकत होते. वहिनी स्टुलाशिवाय बसल्या. कोणाच्या खांद्याला हात न लावता बसल्या. मग त्यांनी पाय वर घेऊन सीटेवर चक्क मांडी घातली, जशी आमच्याकडच्या बाया कुठल्याही गाडीत घालतात, आणि मोठा श्वास सोडला.

"ही बरी हाय," त्या म्हणाल्या.

"लहान हाय," दिनकर म्हणाला.

डॉक्टर म्हणाला, "एक चक्कर मारून तर बघा." दिनकर चालवायला बसला, शेजारी डॉक्टर, मागं वहिनी आणि मी. थोरली बंगल्यासमोर राहिली. गाव मागं पडलं. कालव्याचं पाणी आल्यापासून या बाजूला बागा वाढल्यात, असं डॉक्टर सांगत होता. पुढं रस्ता फुटला. सरळ गेलं की फिरून परत गावात यायचं.

"डावीकडं घ्या," मागून वहिनी म्हणाल्या.

दिनकरनं ब्रेक लावला. डावीकडं काय आहे हे डॉक्टर सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अर्ध्या किलोमीटरवर चिंचेचं झाड आणि त्यापलीकडं संपतची वस्ती दिसत होती.

"ह्या गाडीतनं?" दिनकर म्हणाला. "आगं, थोरली तिकडं हुबी हाय. धा मिनिटात घिऊन यितो. मग जाऊ की रुबाबात. तुलाबी बरं दिसंल."

"मला काय दिसायचं न्हाई."

"मंगल, मी त्या दिवशी समद्यांम्होरं काय बोललो हुतो ते तुला ठावं हाय."

"ठावं हाय," वहिनी म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "नऊ वरसं ते तुमचं बोलनं मी संबाळलं. आता माज्या आईला डोळ्यानं कमी दिसतंय. तिला तुमची गाडी थोरली हाय का धाकटी ते कळायचंबी न्हाई. तुमी आना थोरली. मी म्होरं हुते."

त्यांनी दार उघडलं, पाय जमिनीवर ठेवले आणि उतरल्या. थोरली असती तर त्या तिथंच बसून राहिल्या असत्या, कोणीतरी स्टूल आणीपर्यंत. हे त्यांनी बंगल्यासमोर बसून बघतानाच मोजून ठेवलं होतं का, ते मी नंतरही विचारायचं धाडस केलं नाही. कंबरेवर हात ठेवून, हळूहळू, त्या वस्तीच्या वाटेनं चालायला लागल्या.

दिनकर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून होता. डॉक्टरनं विचारलं, "गाडीत काही प्रॉब्लेम आहे का?" मी पन्नास वर्षं या माणसाला ओळखतो. तो गोळीला घाबरला नाही, असं त्याचे सोबती सांगतात. आणि इथं एका मातीच्या वाटेवर उतरायला घाबरत होता. मला त्याचा इतका राग आला होता आणि इतकी दया आली होती की दोन्ही एकदम बाहेर पडलं.

"दिन्या, उतर," मी म्हटलं. "त्या कंबरेनं ती येवढं चालनार हाय आनि तू हितं बसून बगनार हायस?"

"संपत हासंल रं."

"हासू दे की. तुला जीपमधी जागा दिली न्हाई म्हनून तिला नऊ वरसं घरात बसवलंस. त्यापरीस हासलेलं बरं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पण पट्टा काढला, दार उघडलं आणि उतरला. टोपी सारखी केली, मग काय वाटलं कोणास ठाऊक, ती काढून हातात घेतली आणि चालायला लागला. वहिनींच्या मागं चार पावलं. त्यांना गाठायची हिंमत त्याला झाली नाही, आणि वहिनींनी मागं वळून पाहिलं नाही.

डॉक्टर स्टिअरिंगवर आला. आम्ही दोघं पायी माणसांच्या मागून धाकटी पहिल्या गिअरमध्ये चालवत निघालो. डॉक्टरला माझ्याकडून सगळी हकिकत कळली. तो म्हणाला, "मला वाटलं होतं दुखणं त्यांच्या कंबरेत आहे." दातांच्या डॉक्टरकडून मी एवढ्या निदानाची अपेक्षा केली नव्हती.

चिंचेपाशी मी त्याला थांबवलं. वस्ती वीस-पंचवीस पावलांवर होती. दाराशी शेडच्या सावलीत संपत बेदाणे निवडत बसला होता. त्याची ती प्रसिद्ध मोठी गाडी बाजूला होती. टपावर रिकामी क्रेटं रचलेली आणि बॉनेटवर एक कोंबडी. बहिणीला बघून तो उठला, हातातलं सूप तसंच खाली पडलं. वहिनी त्याच्यासमोर क्षणभर थांबल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ घरात गेल्या.

मग संपतनं दिनकरला पाहिलं. धुळीनं भरलेले बूट, हातात टोपी. संपतची नजर त्याच्यावरून मागं रस्त्याकडं गेली, गाडी शोधत. आम्ही झाडाआड होतो. नऊ वर्षांत एकदाही बोलावणं न पाठवलेला तो माणूस, पण त्या घटकेला त्यानं दाजींची लाज राखायला बघितली.

"दाजी, चालत?" तो म्हणाला. "गाडी बंद पडली व्हय वाटंत?"

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर सगळं भागत होतं. थोरली वाटेत बंद पडली, मोठी गाडी, असंच चालायचं. संपतनं मान हलवली असती आणि दिनकरचा शब्दही राहिला असता. मला इथं गाडीत बसून वाटलं, आता हा तेच म्हणणार.

"न्हाई," दिनकर म्हणाला. "तिला यायचं हुतं."

संपतनं धोतराला हात पुसले आणि दाजींच्या हातातली टोपी आपल्या हातात घेतली. आतून म्हातारीचा आवाज आला, कोण आलंय, कोण आलंय, म्हणून. मी डॉक्टरला गाडी बंद करायला सांगितली.